सहावा भाग

संघमित्रा हिवराळे शाळेत असताना एकाच पुस्तकाला घाबरली होती. घाटकोपरच्या वाचनालयातून आणलेली, प्रेमा तिरोडकरांची सातशे पानांची भयकादंबरी. दुष्काळात गाव एका बाईला तिच्या जातीमुळे विहिरीवर पाणी नाकारतं. ती काठावरच मरते, आणि पुढे चार पिढ्या त्या गावात घराघरांतून रहाटाचा आवाज येत राहतो. भूत फारसं दिसतच नाही. अंगावर येतं ते हे, की सगळ्या गावाला सगळं ठाऊक असतं.

मोठी होऊन ती अंधेरीतल्या एका निर्मिती कंपनीसाठी सासू-सुनांचे संवाद पाडू लागली. मिनी-सिरीजसाठी काही भयंकर सुचव, असं कंपनीने सांगितलं तेव्हा तिने दुसरं नाव घेतलंच नाही. प्रेमाताई बोरिवलीत एकट्या राहायच्या. हक्क देईनात. बऱ्याच खेपा घातल्यावर एकदाच्या म्हणाल्या, "त्या कंपनीक मी वळखत नाय. तुझ्याकडे बघून देतंय."

सातशे पानांचे सहा भाग करायचे म्हणजे सुरी चालवावीच लागते. संघमित्राने मधल्या दोन पिढ्या उडवल्या, खोत आणि त्याचा भाऊ एकच करून टाकला. प्रेमाताई भडकल्या. "माझी माणसां मारलंस गो तू."

"ताई, पुस्तक माणूस महिनाभर उशाशी ठेवून वाचतो. पडद्यावर भीती जरा पातळ झाली की तो उठून भांडी घासायला जातो."

प्रेमाताई बराच वेळ धुमसल्या. मग चष्मा लावून पानं वाचली आणि आपणहून आणखी एका पुजाऱ्यावर काट मारली. "मग ह्याची तरी गरज काय?"

सहाही भाग लिहून झाले. कंपनीत कथा मंजूर करायचं काम अनिरुद्धचं. एकेकाळी दोघांनी एकाच टेबलावर मालिका लिहिल्या होत्या.

"पाच भाग झकास आहेत," तो म्हणाला. "सहावा बदलू. बाई चेटकीण निघते. गावातली पोरं तीच मारत असते, म्हणून लोकांनी पाणी बंद केलेलं. शेवटी मांत्रिक तिला जाळतो."

"आणि जात?"

"ती काढू ना यार. उगाच लोक दुखावतील."

"मी लोकांतली नाही का रे? माझ्या आईच्या ओंजळीत गावात वरून पाणी ओतायचे. तिने कुणाची पोरं मारली होती?"

अनिरुद्धने लॅपटॉप मिटला. "पर्सनल घेऊ नकोस. बदल करायचा हक्क करारात आपल्याकडे आहे."

"मग माझं नाव काढ."

त्याने काढलं. सहावा भाग दुसऱ्याकडून लिहून घेतला.

प्रेमाताईंनी हे दारात उभ्यानेच ऐकलं. "मी कंपनीक दिलंय नाय. तुका दिलंय," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. संघमित्रा लिफ्टपाशी उभी राहिली. म्हातारीवर चिडावं तर तिचं काय चुकलं होतं? आणि अनिरुद्धवर चिडून काही बदलणार नव्हतं.

सिरीज आली आणि गाजली. शेजारची शकु जिन्यात भेटली. "काय दाखवलंय गं! पाचव्या भागात मी त्या बाईसाठी ढसाढसा रडले. सहाव्यात कळलं, मेलीने फसवलं होतं. जाळली ते बरं केलं."

संघमित्राच्या डोक्यात तिडीक गेली. शकु तिच्याच समाजातली; शकुच्या आजीलाही कुणी विहिरीवर चढू दिलं नसणार. पाच भाग राबून संघमित्राने ती बाई खरी केली, आणि ती इतकी खरी झाली म्हणूनच जळताना बघून लोकांना समाधान वाटलं. पाचवा भाग वाईट लिहिला असता तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

अनिरुद्धचा फोन आला. दुसरा सीझन होता. "तुझ्याइतकी खरी बाई उभी करणारं दुसरं कोणी नाही."

"उभी मी करायची आणि जाळायची तुम्ही. नको." तिने फोन ठेवला, आणि घर चालवायचं म्हणून मालाडमधल्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा सासू-सुना लिहायला लागली.

बऱ्याच महिन्यांनी प्रेमाताईंचा फोन आला. "ये," म्हणाल्या.

बोरिवलीच्या खोलीत जमिनीवर कादंबरीच्या नव्या आवृत्तीचा गठ्ठा सोडलेला होता. मुखपृष्ठावर सिरीजमधली चेटकीण, केस पेटलेली. प्रेमाताई मधोमध बसून एकेका पुस्तकाचं मुखपृष्ठ फाडत होत्या.

"छापणाऱ्यान विचारूक पण नाय," त्या म्हणाल्या.

संघमित्रा खाली बसली. एक पुस्तक ओढून घेतलं आणि चेटकिणीचं तोंड मुठीत धरून जोरात हिसका दिला.

"हळू फाड गो," प्रेमाताई म्हणाल्या. "शिवण उसवतली."