पंचावन्न ते अडीचशे

बायकोचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं आणि भिंतीवर लावायचा तिचा फोटो ठरत नव्हता. मोठ्या भावानं कुणाच्या तरी लग्नातला एक मोबाइलवरचा निवडला होता. मोबाइल पार तोंडाजवळ धरलेला, म्हणून नाक फुगलेलं, कान मागे गेलेले, ओठ आवळलेले. ती तशी नव्हती.

कॅमेरा जवळ आला की तिचा चेहरा घट्ट व्हायचा. "दूर राहून काढा, मले समजू देऊ नका," म्हणायची.

माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची. दुकानदारानं तिला तिप्पट झूम म्हटलं आणि मला वाटलं, लांबचं दिसणार. पण तिप्पट म्हणजे मोठा आकडा भागिले लहान आकडा, एवढंच. लांबचं किती जवळ येईल ते शेवटचा आकडा सांगतो. अठराला अख्खं वावर मावायचं नि त्यात ती ठिपक्याएवढी. पंचावन्नला जरा मोठा ठिपका. म्हणून पंचावन्न ते अडीचशेची दुसरी लेन्स घेतली. वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून अडीचशेपर्यंत फिरवली की तुरीच्या ओळीतली ती एकटीच चौकटीत यायची. मधे अंतर असल्यानं नाक-कान जागच्या जागी. मागची फुललेली तूर नुसती पिवळी, धूसर.

अशाच एका फोटोत ती शेजारणीशी बोलताना हसते आहे. चौकटीच्या डाव्या कडेला, नजर बाहेर. मी तो निवडला.

"हे तं आपल्याकडे पाहूनच नाई राह्यली," भाऊ म्हणाला. गेलेल्या माणसानं समोर पाहावं, असं त्याचं म्हणणं. मालेगावच्या स्टुडिओवाल्यानं मधला मार्ग सुचवला: तिला कापून मधोमध घेऊ, तूर काढून मागे निळा पडदा टाकू. मी नको म्हणालो. लोक काय म्हणतील, भावानं विचारलं.

"म्हणू दे, दादा. माह्याकडे पाहत असती तं अशी हासलीच नसती."

वर्षश्राद्धाला तोच फोटो लावला, तुरीसकट. भावानं झेंडूचा हार आणला होता. चौकटीवर धरला तर हाराची डावी बाजू नेमकी तिच्या चेहऱ्यावर येत होती. त्यानं तो तिरपा करून पाहिला, आखूड करून पाहिला. मी हार त्याच्या हातातून घेतला आणि खाली पाटावर ठेवला.

त्या फोटोला अजून हार नाही. घालणारही नाही.