दुसरी शिट्टी

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. मोर्शीच्या आमच्या शाळेत जे अस्वल मेलं, ते आपणहून पिसाळलं नव्हतं. त्याच्या नाकातली दोरी मी ओढली होती.

महिन्यापूर्वी भास्करराव गुरुजी गेल्याचं पत्र मला अकोल्यात मिळालं. त्यांच्या मुलाने लिहिलं होतं, "बाबा शेवटपर्यंत तुमची चौकशी करत." मी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि पोरांची कवायत घ्यायला गेलो...

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्या शाळेत होतो. ते निसर्गपाठ घेत, मी ड्रिल. बाजाराला आलेला माकडवाला असो की अस्वलवाला दरवेशी, गुरुजी त्याला शाळेत बोलावत. खेळाला नव्हे. पोरांनी जनावराची जखम पाहायची, साखळी वितीने मोजायची आणि वहीत लिहायचं. "मेळघाटातून पिल्लं अशीच धरून आणली, तं तुमच्या नातवाईले अस्वल चित्रातच दिसन," ते म्हणत. आणि मला, सगळ्यांदेखत, "मास्तर, तुमी पोराईले पाय आपटाले शिकवा. मी पाय जपाले शिकवतो." पोरं हसत, मीही हसे. पण ते लागे मला.

त्या दिवशी माझा तास होता. आठवड्यावर डिप्टीसाहेबांची तपासणी आलेली, सहावीची वीस-बावीस पोरं लाठ्या घेऊन रांगेत उभी, आणि गुरुजी अस्वल घेऊन हजर! दरवेशाने ते निंबाला बांधलं. माझी रांग मोडून पोरं तिकडे पळाली. एकाने विचारलं, "मास्तर, हे नाचत कावून नाही?" मी म्हटलं, "नाचते ना, पाह्य." दरवेशी ओरडला, "वढू नका, मास्तर, नाक चिरलं हाये त्याचं!" तोवर मी निंबामागून दोरीला हिसका दिला होता; पोरांची नजर अस्वलावर होती. अस्वल माझ्यावर आलं. गुरुजी मधे शिरले आणि त्यांचा उजवा हात कोपरापासून फाटला.

माझ्या पोरांना मी शिकवलं होतं, पहिल्या शिट्टीला वार, दुसरीला थांब. मी शिट्टी फुंकली.

ती पोरं, कालपर्यंत अशाच जनावरांच्या जखमा वहीत लिहिणारी, एका तालात मारत होती. अस्वल बांधलेलं. माणसासारखं कण्हत होतं ते, पुढचे पाय डोक्यावर घेऊन. दरवेशी मधे पडला, त्याचीही बोटं मोडली. रक्ताने भिजलेले गुरुजी ओरडत होते, "थांबवा! मास्तर, शिट्टी वाजवा!" शिट्टी माझ्या तोंडातच होती. वाजवली असती तर अस्वल वाचलं असतं, आणि मग कोणीतरी विचारलंच असतं, की ते चवताळलं कशाने... मी वाजवली नाही. कवटी फुटल्यावर पोरं आपोआप थांबली. त्यातलं एक ओकलं.

गुरुजींना वाचवलं म्हणून गावाने माझं कौतुक केलं, दरवेशाचं कोणी ऐकलं नाही. गुरुजींनी सगळं पाहिलं होतं, पण दवाखान्यात ते मला एवढंच म्हणाले, "खरं काय ते पोराईले तुमीच सांगा. मी सांगनार नाही." पुढे ते डाव्या हाताने फळ्यावर लिहीत. मी बदली मागून घेतली.

परवा मोर्शीला जाऊन आलो. त्या निंबाखाली एक दगडी डोणी आहे. दवाखान्यातून परतल्यावर गुरुजींनी ती ठेवली, आणि पाखरांसाठी, गुरांसाठी वर्ग रोज तिच्यात पाणी भरतो. दोन मुली कळशी घेऊन आल्या. "कोन पाह्यजे तुमाले?" मी म्हटलं, कोणी नाही.

ती वीस-बावीस पोरं आता बाप झाली असतील. आपणच भान विसरून एक बांधलेलं जनावर ठेचलं, असंच त्यांना वाटत असेल. ते त्यांचं पाप नव्हतं, माझं होतं. हे एकेकाच्या दारात जाऊन सांगणं मी अजून देणं लागतो.