पोतनीस काकांचा पेपर

उज्जैनला एक परिषद संपते न संपते तोच दुसरीचं बॅनर लागतं. पाहुणे दर्शन आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात, किस्से मात्र इथेच राहतात! आमच्या स्वागत समितीकडे इतके साठलेत की फ्रीगंजात चहाला बसलं की कुणी ना कुणी सुरू होतंच. त्यातल्या निम्म्यांत पोतनीस काका असतात.

काका बँकेतून रिटायर झालेले, समितीत सगळ्यांत ज्येष्ठ. पूर्वी देशाची वेळ उज्जैनवरून मोजायचे, त्यावर त्यांनी एक पेपर लिहिलाय. तो एकदा परिषदेत वाचायचा, एवढी एकच इच्छा. आमचे सेक्रेटरी पुराणिक सर दर वेळी म्हणायचे, "काका, पेपर तो कोई भी पढ़ लेगा, स्टेशनवर तुमच्याशिवाय कोण जाणार?"

झालं! काका निघाले हार घेऊन.

*

एकदा कोलकात्याचे एक प्रोफेसर आले. काकांनी त्यांना स्टेशनवरून थेट राम घाटावर नेलं. उज्जैनला आलेल्या माणसानं आधी शिप्रेत पाय बुडवायचे, मग हॉटेल, हा काकांचा नियम.

प्रोफेसर भडकले. "मैं नास्तिक हूँ!"

काका शांतपणे म्हणाले, "नदी को क्या पता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर हॉटेलात सापडेनात. आम्ही घाबरलो. काका म्हणाले, "घाटावर बघा." होतेच तिथे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून!

*

पुढच्या परिषदेत सरांनी काकांना उद्घाटनानंतर दहा मिनिटं दिली. नलूकाकू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. पण सत्काराचं कामही काकांकडेच. पाहुण्यांना शाल, श्रीफळ, हार झाले. मग काकांना वाटलं, माईकवाल्याला का नको? पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं काय पाप केलंय? हॉलचा वॉचमनसुद्धा स्टेजवर येऊन हार घालून घेऊन गेला. तोवर जेवणाची वेळ झाली!

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "सगळ्यांना हार घातलेत. आणि पेपर?"

"पेपर राहतो गं. हार सुकून गेले असते."

*

मग आले एक माजी मंत्री. उज्जैनचा राजा महाकाल. दुसऱ्या राजानं इथे रात्री मुक्काम केला तर त्याची गादी जाते, असं आमच्याकडे मानतात. संध्याकाळी मंत्रीजींचं भाषण आणि त्यानंतर काकांचा पेपर, असं ठरलेलं. ऊन उतरायला लागलं तसे मंत्रीजी घड्याळ बघायला लागले. भाषण अर्ध्यावर टाकून निघालेच! फोटोसाठी अख्खा हॉल त्यांच्या मागे.

काका धावत गाडीपाशी गेले. "साहेब, आता तुमच्याकडे कुठे गादी आहे? रुक जाइए ना!"

मंत्रीजींनी हात जोडले. "पोतनीस जी, अगले चुनाव का क्या भरोसा!"

आम्ही पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. काकांनी कागदांची घडी खिशात ठेवली तेव्हा मलाही फार वाईट वाटलं.

*

म्हणून यंदा मी पुराणिक सरांशी भांडले. काकांना दुसऱ्या दिवसाचं पहिलं सत्र मिळवून दिलं, चांगला अर्धा तास. स्टेशनवर दुसऱ्यांना पाठवलं, हारांची टोपली माझ्या ताब्यात घेतली. आता काही बिघडणं शक्यच नव्हतं.

पण आदल्या दिवशी काकांनी परस्पर सगळ्या पाहुण्यांची भस्मारतीची सोय केली होती. "उज्जैनला येऊन भस्मारती न बघता जायचं? शोभतं का आपल्याला?"

मंडळी मध्यरात्रीपासून रांगेत होती. पहाटेची आरती झाली, मग टावर चौकात पोहे-जिलबी झाली आणि सगळे थेट हॉलमध्ये. एकही खुर्ची रिकामी नाही! काकांनी चष्मा लावला, "नमस्कार" म्हटलं आणि वर पाहिलं. पुराणिक सरांसकट अख्खा हॉल गाढ झोपला होता.

मी कडेनं पुढे जाऊन कुजबुजले, "काका, जोरात वाचा! उठतील सगळे."

काकांनी माईक बंद केला. "अगं, रात्रभर उभे होते बिचारे. पाहुणे आहेत आपले."

आणि त्यांनी अख्खा पेपर, एकही ओळ न गाळता, हळू आवाजात वाचला. पहिल्या रांगेत नलूकाकू पदर सावरून ऐकत होत्या. शेवटचं पान संपलं. टाळी वाजवायला त्यांनी हात उचलले, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं.