अठरा तास

टोरोंटोहून गोव्याला विमानाने अठरा तास लागतात, असं फोनवर दिसतं. ते लिहिणाऱ्याला एकदा तिथून आमच्या गावाला, नार्व्याला यायला लावलं पाहिजे.

वडील दर वेळी फोनवर विचारायचे, "कितलो वेळ लागता रे थंयसून?" मी अठरा सांगायचो. त्यांना ते कधी पटलं नाही. साधं पणजीला जायचं तरी ते घरातून निघाल्यापासूनचा वेळ धरायचे, साखळीच्या बसस्टँडवर ताटकळण्यासकट. "बशीत बसलेलो वेळ म्हणजे प्रवास न्हय," म्हणायचे. मी हसायचो.

गेल्या थंडीत ते गेले. बहिणीचा फोन आला तेव्हा मी कामावर निघालो होतो. "थांबा, मी येतो," म्हटलं. किती वेळ लागेल, तिने विचारलं. तोंडातून अठराच निघालं.

आमच्याकडे मयत घरात असेपर्यंत वाड्यात कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. चुली जाऊन गॅस आले, पण नेम तोच. शेजारच्या काकीला साखरेचा आजार आहे, हे मला विमानात आठवलं आणि झोप उडाली. जेवणाचा ट्रे आला, तो तसाच परत दिला. माझ्यासाठी अख्खा वाडा उपाशी असताना घास कसा उतरणार?

वाटेत विमान बदलायला तासन्‌तास बसून राहिलो. मुंबईत पुढचं विमान काही सुटेना. जागोजागी पट्टा काढा, बूट काढा. फोन कधीच मेला होता, आणि चार्जर होता विमानाच्या पोटातल्या बॅगेत. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. टॅक्सीत एवढंच मनात होतं, की आपल्या हातून अग्नी मिळाला म्हणजे झालं. थोरल्या मुलाकडून बापाला तेवढंच हवं असतं.

वाड्याच्या तोंडाशी उतरलो. काकीच्या घरातून कुकरची शिटी आली. मग दुसरी.

मी तिथेच उभा राहिलो. आता घाई कसली!

बहीण बाहेर आली. माझा हात धरून म्हणाली, "काल सांजेक मीच अग्नी दिलो, दादा. बाबानींच सांगून दवरिल्लें."

"काय सांगितलं होतं?"

"तो अठरा म्हणटलो, तुमी दुप्पट धरा. वाड्याक उपाशी दवरूं नाकात."

मला भयंकर राग आला. बहिणीचा, त्या कुकरचा, सगळ्यात जास्त वडिलांचा. माझा हिशोब त्यांनी कधीच खरा मानला नाही, आणि जातानाही बरोबर तेच निघाले.

काकी पेजेची वाटी घेऊन आली. "खा रे पुता," म्हणाली.

वाडा कालच जेवला होता. उपाशी मी एकटाच होतो. ओसरीवर बसलो आणि रडत रडत ती सगळी पेज प्यालो.