पप्पांचा चालायचा जोडीदार

परवा शनिवारी सकाळी आमचे पप्पा रेल्वे ग्राउंडच्या कोपऱ्यावर मटकन खाली बसले... घाबरू नका, आता ठणठणीत आहेत. डॉक्टरांनाही दाखवून आलो, आणि हे लिहितेय तेव्हा साहेब टीव्हीचा आवाज वाढवून बसलेत. पण तिथे जे घडलं ते लिहिल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही.

पप्पा रेल्वेतून रिटायर्ड. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर पुन्हा इथेच भेट होईल. पण पप्पांनी असा काही धसका घेतला की विचारू नका... रस्त्यात काही झालं तर?

मग काय, बेड ते खुर्ची आणि खुर्ची ते बेड. मी कुरकुंभला कंपनीत नोकरीला, दिवसभर त्यांना उठवणार कोण? वजन वाढलं, चार पायऱ्या चढल्या की धाप. रात्री त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला नाही तरी मी उठून बघायचे. आई गेली, आता हेही जातात की काय, ही एकच भीती.

हेच पप्पा एकेकाळी... आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये तेव्हा व्हॉलीबॉलचं नेट असायचं. रविवारची उपासना संपली की पुरुषमंडळी टाय काढून खिशात कोंबायची आणि थेट खेळायला उतरायची. आई आणि तिच्या महिला मंडळातल्या बायका साड्या खोचून लंगडी खेळायच्या. आम्ही पोरं कडेला लिमलेटच्या गोळ्या चघळत, हसून हसून लोळायचो.

व्यायाम हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता हो. क्वार्टर्समधून चालत यायचं, प्रार्थना करायची, खेळायचं, चालत घरी जायचं. फार छान दिवस होते ते... आठवले की आईचा हसरा, घामाघूम चेहरा समोर येतो.

पप्पा बॉल उचलून द्यायचे आणि शमुवेल काका स्मॅश मारायचे. काका मूळचे न्हावऱ्याचे, पप्पांबरोबरच रेल्वेत लागलेले. दोघं एका ताटात जेवणारे. मग लोकांकडे गाड्या आल्या... काका चर्च कमिटीचे सेक्रेटरी झाले, नेट काढलं आणि पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवले. पप्पा मीटिंगमध्ये वाट्टेल ते बोलले, काकाही काही कमी नाहीत.

त्या दिवसापासून अबोला. आईच्या दफनविधीला काका आले, पण मागेच उभे राहिले आणि न बोलता निघून गेले. ते मला फार लागलं होतं.

आता आमच्याकडे नवे पाळक आलेत. तरुण आहेत. निम्मं चर्च बीपी-शुगरवालं, हे बघून त्यांनी जाहीर केलं की दर शनिवारी सकाळी चर्चपासून सगळ्यांनी जोडीजोडीनं चालायचं. कोच कोण, तर रूथ सिस्टर, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. त्यांचा नियम एकच... जोडीदाराशी बोलत चालायचं, आणि बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा.

जोड्या पाळकांनी गल्लीप्रमाणे लावल्या. त्या बिचाऱ्यांना काय माहीत... "विल्सन आणि शमुवेल" असं त्यांनी वाचलं, विल्सन म्हणजे आमचे पप्पा, आणि अख्खं चर्च वळून त्या दोघांकडे बघायला लागलं. नाही म्हणावं तर आपण माघार घेतली असं दिसेल, म्हणून दोघंही हट्टानं तयार झाले. माझ्या विनवण्यांनी जे झालं नाही ते खुन्नशीनं झालं.

पण तोंडाला कुलूप. ग्राउंडच्या अलीकडून पप्पा मागे फिरायचे, की काकाही गुपचूप मागे. सिस्टर वैतागायच्या, "अहो, तुम्ही बोलल्याशिवाय मला कळणार कसं?" पण ऐकतंय कोण.

परवा पप्पा पहिल्यांदाच कोपऱ्यापर्यंत पोचले. आणि तिथे काय वाटलं कोण जाणे, छातीवर हात ठेवून खालीच बसले. कपाळावर घाम. मी मागच्या जोडीत चालत होते, तिथून पळत आले.

सिस्टरांनी नाडी बघितली, दुखतंय का विचारलं. पप्पांनी मानेनंच नाही म्हटलं. "नाडी बरी आहे, घाबरलेत," सिस्टर मला म्हणाल्या. तरी मी रिक्षावाल्याला फोन लावलाच.

तेवढ्यात शमुवेल काका पप्पांसमोर उकिडवे बसले.

"विल्या, बोल की कायतरी."

विल्या... आजी गेल्यापासून या नावानं पप्पांना कुणी हाक मारली नव्हती. पप्पांनी मान वर केली. मग बारीक आवाजात म्हणाले, "काय बोलू?"

"शिव्या दे पायजे तर. पण बोल."

आणि पप्पांनी दिल्या की... नेटपासून सुरुवात केली. बसून जोर येईना म्हणून उभे राहिले, आणि उभे राहिले ते बोलता बोलता चालायलाच लागले. पेव्हर ब्लॉक, कमिटी, ती मीटिंग, सगळं काढलं. आईच्या वेळी आलास आणि एक शब्द बोलला नाहीस, हेही काढलं.

काका शेजारून चालत नुसते, "व्हय... चुकलं माझं. आन् पुढं?"

रिक्षा आली, ती मी परत पाठवली. सिस्टरांनी माझा हात दाबला. "बघ, एवढं भांडतायत, पण धाप आहे का?" नव्हती. थेट घरापर्यंत नव्हती.

पप्पा आत जाऊन खुर्चीत बसले. काका दारातच घुटमळत होते, चप्पल काढावी की नाही अशा विचारात. पप्पांनी तिकडे न बघताच मला सांगितलं, "दोन चहा टाक. त्याच्यात साखर नको, शुगर आहे त्याला."

इतक्या वर्षांचा अबोला... आणि काकांची शुगर पप्पांना माहीत होती. मी किचनमध्ये पातेलं हातात धरून रडले. सांगायला लाज कसली.

पाळकसाहेब, ती जोडी तुम्ही नकळत लावलीत, हे आता कुणीतरी तुम्हाला सांगेलच. मनापासून आभार... आणि हात जोडते, ती बदलू नका.