रुई खाणारी जयवंता

जयवंता रुई खाते, हे घरात सगळ्यांत आधी तिच्या सासूला कळलं.

ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई चालू होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, आणि अकोल्याभोवतीच्या खेड्यांतून गाड्यांमागून गाड्या बाजाराला निघत होत्या. घरोघरी पडवीत रेचा फिरायचा. दोन लाकडी लाटांमधून कापूस ओढला की सरकी अलीकडे पडायची आणि रुई पलीकडे. खुशालरावांच्या घरी रेच्यावर त्यांची बायको जयवंता बसायची. ती अमरावतीच्या वेशीबाहेरच्या माळ्याची मुलगी. तिचं दुसरं मूल अजून अंगावर पीत होतं.

एका दुपारी सासू, पार्बताबाई, पडवीत आल्या आणि दारातच थांबल्या. जयवंताने रुईचा पुंजका तोडला, बोटांनी वळला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून ती सावकाश चावत होती.

"काय करून राहिली व?"

जयवंताने घाईने गिळलं. "काई नाई, आत्याबाई."

पार्बताबाईंना आधी वाटलं, सून खुळावली. मग वाटलं, कोणी काही केलं असेल. भगताला बोलावलं. त्याने कडुलिंबाचा डहाळा फिरवला, दंडाला दोरा बांधला आणि जेवून गेला. जयवंताचं खाणं थांबलं नाही, ती फक्त लपवायला शिकली. लुगड्याच्या ओच्यात रुई ठेवायची आणि विहिरीवर जाताना खायची. इकडे तिचा चेहरा पिवळा पडत चालला होता. घागर उचलली की धाप लागायची. पोट दगडासारखं घट्ट असायचं आणि ताटातली भाकर तशीच उरायची.

शेवटी तीच एक दिवस सासूजवळ येऊन बसली. "आत्याबाई, मले बंद कराचं हाये. पन हात जाते."

पार्बताबाईंनी शेजारच्या ढिगातून चिमूटभर रुई घेतली आणि स्वतःच्या तोंडात घातली. बराच वेळ चावली आणि थुंकून टाकली.

"मले तं काईच लागलं नाई. तुले कशी लागते?"

जयवंताला हसूही आलं आणि रडूही. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "चव नाई लागत. चावलं का जिवाले बरं वाटते. घडीभरच. मंग अजून पायजे."

अकोल्याच्या जुन्या शहरात एक म्हातारे हकीमसाहेब होते. पार्बताबाईंनी मुलाला गाडी जुंपायला सांगितली. खुशालराव कुरकुरले, "लोक काय म्हनतीन?"

"सुनेचं पोट दुखते म्हून सांग. खोटं थोडंच हाये?"

मोर्णा नदी ओलांडून गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. हकीमसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी जयवंताच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट चाचपलं. रुईचं ऐकल्यावर ते रागावले नाहीत की हसले नाहीत. पुढे सरकून बसले.

"माती खानाऱ्या बाया म्या लई पाह्यल्या. राख खानाऱ्या, खापर खानाऱ्याबी पाह्यल्या. रुई खानारी तूच पयली, बेटी. ताजी लागते का जुनी?"

"ताजी. उन्हात तापलेली."

"आन् सरकी?"

"सरकी नाई आवडत."

"घरात भाजी कोनती शिजते?"

घरात भाजी शिजतच नव्हती. त्या साली प्रत्येकाने मोकळी जागा दिसेल तिथे कापसाची पराटी लावली होती. "परसातबी कापूसच हाये," पार्बताबाई म्हणाल्या.

"ही जेवते कवा?"

"सगळ्याईच्या मांगून. उरलं तं."

हकीमसाहेबांनी पुड्यांचा डबा पुढे ओढला. "रक्त सुकलं का जीभ भलतंच मांगते. रुईच काहून मांगते, ते मलेबी ठाऊक नाई." पोटात रुईचा गोळा होतो आणि आतडं अडतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एरंडेल दिलं, लोहभस्माच्या पुड्या ताकातून घ्यायला सांगितल्या. मग पार्बताबाईंकडे वळले. "दवा आर्धं काम करीन. आर्धं तुमचं. हिले एकटीले जेवू देऊ नका. हात गेला तं हिनं सांगाचं, आन् तुमी रागवाचं नाई. महिन्यानं घेऊन या, मले पाहू द्या."

त्या दिवसापासून सासूसून समोरासमोर बसून जेवू लागल्या. शेजारणी नावं ठेवत, पार्बताबाई लक्ष देत नसत. रेच्यावर आता दोघी मिळून बसायच्या. परसातली पराटी उपटली तेव्हा खुशालराव धावत आले.

"या भावात कापूस उपटून राहिली, माय?"

"मेथी लावाची हाये. सरक."

मेथीचं बी जयवंताच्या माहेरून, अमरावतीहून आलं.

सगळं सरळ झालं नाही. पुड्यांनी मळमळायचं, मग जयवंता त्या चुलीत टाकायची. एकदा सासू देवळात गेली असताना तिने मूठभर रुई खाल्ली. संध्याकाळी स्वतःच सांगितलं. पार्बताबाईंच्या तोंडी शिव्या आल्या होत्या, त्या त्यांनी गिळल्या.

"बरं. काय झालं होतं?"

जयवंताने विचार केला. "काईच नाई. एकटी होती."

तेव्हापासून पार्बताबाई देवळात जाताना तिला बरोबर नेऊ लागल्या. पुढच्या खेपेला हकीमसाहेबांना हे सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली आणि आणखी दहा प्रश्न विचारले. त्या पोरीपासून त्यांनाही काही शिकायचं होतं, असं पार्बताबाई पुढे सांगायच्या. पावसाळ्यापर्यंत जयवंताच्या नखांना रंग आला. भरली घागर घेऊन ती न थांबता घरी येऊ लागली.

काही वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले आणि ओढ परत आली. या वेळी रुई नाही, भिंतीची पांढरी माती. तिने एक खडा जिभेवर ठेवला, थुंकला आणि सरळ गोठ्यात खुशालरावांकडे गेली.

"गाडी जुंपा."

"कुठं जाची?"

"अकोल्याले. हकीमसाहेबाले सांगा लागते, आता जीभ माती मांगून राहिली."

आणि ते ऐकून हकीमसाहेब कोणकोणते प्रश्न विचारतील, याचाच विचार करत ती गाडीत बसली.