जागा साफ करून ठेवावी

वऱ्हाडात पौषातल्या पहाटे कोणतीही विहीर वाफाळते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण सरकारला ठाऊक नव्हतं. नागपूरहून हुकूम आला, की अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जमिनीतून गरम पाणी कुठे कुठे निघतं त्याची यादी करा आणि नकाशावर खुणा करा. हुकूम गावोगावच्या पटवाऱ्यांपर्यंत पोचला तो नेमका पौषात. महिन्याभरात आमच्या कचेरीत इतके दाखले जमले, की अवघं वऱ्हाड कुणीतरी चुलीवर ठेवलंय असं वाटावं. ते खरे की खोटे हे पाहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा तिशीतला कारकून होतो, अमरावतीला राजापेठेत राहत होतो, राग नाकावर होता आणि माझ्यावाचून कचेरीचं पान हलत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

मला एक थर्मामीटर मिळाला होता, पितळी नळकांड्यात कापसात गुंडाळलेला. सूर्य उगवायच्या आत झऱ्याच्या तोंडाशी तो धरायचा, शंभर आकडे मोजायचे, असं तीनदा. मग जवळच्या विहिरीचं पाणीही मोजायचं, म्हणजे फरक कळतो. यादीत रकाने होते: गाव, जागा, उष्णता, वास, आणि शेवटचा, लोकांना होणारा उपयोग. हा शेवटचा रकाना सगळ्यांत अरुंद आखलेला होता.

त्या हिवाळ्यात मी थंडीत कुडकुडत किती विहिरी मोजल्या याचा हिशेब नाही. बार्शीटाकळीकडच्या एका पटवाऱ्याने मला अंधारातून दोन कोस चालवत नेलं आणि कापसाच्या जिनिंगमागचा एक खड्डा दाखवला. पाणी खरंच कढत होतं, कारण वरच्या अंगाला बॉयलरची मोरी होती. मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "गरम हाय ना, बाबूजी? मंग लिवून टाका. काहून तरास करून घेता?"

एकामागून एक गावं खोडत गेलो. सालबर्डीचं ऊन पाणी तेवढं खरं, पण ते आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. त्यात माझं काय कर्तृत्व? खरं सांगायचं तर मला एक झरा माझा स्वतःचा हवा होता. मी शोधला असं म्हणता यावं असा.

तो मोर्शीच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. लहानसं गाव, गावाबाहेर नाला, नाल्याला लागून एका माळ्याचा मळा. वांगी, कांदे, बांधावर झेंडू. मळ्याच्या कोपऱ्यात गुडघाभर खोल एक डबकं होतं, पालापाचोळ्याने भरलेलं, काठावर पिवळट माती खरवडीसारखी घट्ट धरलेली. पाणी गढूळ होतं, वास गंधकाचा. मी थर्मामीटर धरला आणि शंभर मोजले. पारा एकशे सहा अंश फॅरनहाइटवर. पुन्हा धरला, पुन्हा एकशे सहा. बाजूच्या विहिरीचं पाणी त्याच्या कितीतरी खाली. आनंदाने मी चिखलातच बसलो.

माझ्या समोर, डबक्याच्या पलीकडच्या काठावर, मळ्याचा म्हातारा मालक कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसला होता. मी आल्यापासून तो हलला नव्हता. थोड्या वेळाने त्याने हात बाहेर काढले. दोन्ही मुठी वळलेल्या होत्या, पण बोटं हळूहळू सुटत होती. त्याची बायको खुरपं घेऊन उभीच होती. तिने ते त्याच्या हातात दिलं आणि त्याने ते धरलं.

"सात वर्सं झाली," ती म्हणाली, "रातभर आखडलेले रायते. सकाळी या पान्यात बसले का सुटते. दुपारवरी काम होते, मंग पुन्ना बंद."

"वैद्याला दाखवलं?"

म्हातारा हसला. "वैद्य हाय ना हा. बोलवावं लागत नाई, याले जेवू घालावं लागत नाई. हे पानी हाय म्हून मी माह्या हातानं खातो, बाबूजी."

त्या अरुंद रकान्यात मी बारीक अक्षरांत सहा ओळी लिहिल्या. म्हाताऱ्याला सांगितलं, की आता हे सरकारदरबारी लागलं, इथे सरकार पक्कं कुंड बांधून देईल. मला असं सांगायचा काहीही अधिकार नव्हता. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला मोठं वाटावं म्हणून मी ते बोललो.

चैत्रात नागपूरचे साहेब यादी तपासायला निघाले. माझ्या सहा ओळी त्यांनी वाचल्या होत्या आणि हा झरा त्यांना स्वतः पाहायचा होता. साहेब कुठेही जायचे असले की त्या गावच्या पाटलाला आधी कार्ड टाकायचं ही आमची रीत. मजकूर ठरलेला असे: अमुक दिवशी साहेब येत आहेत, बैलांची दमणी आणि चारा तयार ठेवावा, जागा साफ करून ठेवावी. शेकडो कार्डं मी अशी लिहिली होती. शेवटची ओळ चावडीसाठी असे, म्हणजे साहेब बसतील ती ओसरी झाडून ठेवा, एवढंच. हेही कार्ड मी तसंच लिहिलं. त्यात फक्त "झरा पाहण्यासाठी" एवढे शब्द जास्तीचे घातले.

आम्ही पोचलो तेव्हा गाव नटून उभं होतं. पाटील पुढे झाले आणि अभिमानाने आम्हाला मळ्याकडे घेऊन गेले. डबकं कुठे दिसेना. त्याच्या जागी चांगला पुरुषभर खोल चौकोनी हौद होता, काठाला दगड लावलेले, दगडांना चुना, वर आंब्याच्या पानांचं तोरण. सगळ्या गावाने तीन दिवस खपून गाळ उपसला होता. घाण वाटणारी ती पिवळी खरवड सब्बलीने फोडून खालच्या मुरुमापर्यंत काढून टाकली होती. हौद काठोकाठ भरला होता आणि पाणी इतकं नितळ, की तळातला खडा दिसावा.

मी काठाशी वाकून पाहिलं. वाफ नव्हती, वास नव्हता.

साहेबांनी स्वतः थर्मामीटर धरला. तीनदा. मग विहिरीत धरला. विहीर जरा जास्तच गरम निघाली. साहेब वाईट नव्हते, त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ऊन पाण्याची धार बोटाएवढी बारीक असते, ती त्या पिवळ्या मातीनेच नाल्याच्या पाण्यापासून वेगळी राखलेली असते. माती फोडली, नाला आत शिरला. आता ती धार कुठे गेली ते कुणाला सांगता येणार नाही. एवढं सांगून त्यांनी तांबड्या पेन्सिलीने माझ्या सहा ओळींवर रेघ मारली.

पाटलांना काहीच उमजेना. ते कानकोंडे होऊन म्हणाले, "सायेब, अजून साफ करावं का?"

म्हातारा गर्दीतून पुढे आला, काठावर बसला आणि त्याने हात पाण्यात घातले. "जरासक थांबा," तो म्हणाला. "नवीन हाय, गरम व्हाले टाइम लागन." सगळे थांबले. साहेबही टोपी काढून उभे राहिले. ऊन चढलं. त्याने हात बाहेर काढले तेव्हा मुठी तशाच होत्या, कातडी मात्र गारठून पांढरी पडली होती. कुणी कुणाला बोल लावला नाही. चुन्याचा वास येत होता. मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं, की कार्डावरची ती ओळ माझी, चूक माझी. मी साहेबांची छत्री धरली आणि दमणीकडे चालू लागलो.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच कामासाठी मोर्शीला गेलो होतो. जाऊ नये असं मनात होतं, तरी गेलो. मळा बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलेला होता. म्हातारा अंगणात उन्हाला बसला होता, दोन्ही मुठी मांडीवर. त्याची बायको वरणात भाकर कुस्करून त्याला भरवत होती.

"या, भाऊ," ती म्हणाली, जणू मी तिचा कुणी लागत होतो. मग आपणहून सांगू लागली. गाळ परत टाकून पाहिला. डोंगरातून पिवळी माती आणून लिंपली. चुलीवर पाणी तापवून त्यात हात ठेवले. "चुलीवरचं पानी घडीभरात थंडं होते, भाऊ. थे तं खालून येतच रायत होतं."

मग ती उठली आणि आत जाऊन एक कार्ड घेऊन आली. ती पाटलांशी भांडायला गेली होती. पाटलांनी, आपला दोष नाही हे दाखवायला, सरकारचा हुकूमच तिच्या हातात ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. कुणी शिकलेलं माणूस घरी येईल म्हणून तिने ते कार्ड जपून ठेवलं होतं.

मी वाचून दाखवलं. शेवटची ओळही वाचली.

"हे कोनं लिवलं, भाऊ?" तिने विचारलं.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. खरं बोलायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथे बसल्याबसल्याही कळत होतं.

"नागपूरच्या साहेबांनी," मी म्हणालो.

"मले वाटलंच," ती म्हणाली. "आपल्या मानसानं असं नसतं लिवलं." तिने कार्ड माझ्या हातून घेतलं, म्हाताऱ्याचं तोंड पदराने पुसलं आणि म्हणाली, "भाकर टाकतो, भाऊ. उपाशी जाऊ नोका."

मी बसलो, आणि जेवलो.